क्लायंटच्या कामातला कोड ओपन सोर्स करायचा आहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही तिघं दारव्ह्यात बसून जिनिंग, कृषी केंद्रं, पतसंस्था आणि दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. या कामांतून निघालेले चार तुकडे आम्ही ओपन सोर्स केले: वजनकाट्यावरचं वजन वाचणारा, रक्कम मराठी अक्षरांत लिहिणारा, एकर-गुंठ्यांचं हेक्टर-आर करणारा आणि जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारा. तेव्हापासून वणी, अकोट, मेहकर, वरूडकडची आमच्यासारखीच छोटी दुकानं चालवणारी मंडळी फोन करतात, आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून एकदाचं लिहून ठेवलं. आम्ही वकील नाही. करार लाखांतला असेल तर वकिलाची फी वाचवू नका.

१. ओपन सोर्स म्हणजे कोड फुकट वाटणंच ना?

कोड लोकांसमोर ठेवणं आणि तो कोणत्या अटींवर वापरायचा हे लेखी सांगणं, असं दोन्ही मिळून ओपन सोर्स होतं. त्या अटींच्या कागदाला लायसन्स म्हणतात. लायसन्स न लावता गिटहबवर (कोड ठेवायच्या वेबसाइटवर) नुसता चढवलेला कोड लोकांना वाचता येतो, पण वापरायची परवानगी त्यांना मिळत नाही, कारण कॉपीराइट आपोआप लागू असतो. आमच्या एका शेटजींनी विचारलं होतं, "काऊन भाऊ, माह्या पैशानं बनवलं अन् आता गावभर वाटता का?" त्यांच्या प्रश्नाचा पहिला भाग ३ मध्ये आहे, दुसरा ७ मध्ये.

२. यात आपला फायदा काय? पोटापाण्याचं काय?

गिऱ्हाईक आपल्याला पैसे देतं ते बसवून देण्याचे, शिकवण्याचे, हंगामात रात्री अकराला फोन उचलण्याचे आणि वर्षाच्या एएमसीचे, म्हणजे देखभालीच्या कराराचे. 'रक्कम अक्षरी' लिहिणाऱ्या फंक्शनसाठी आजवर कोणी वेगळा रुपया दिलेला नाही.

तेच फंक्शन आम्ही चार क्लायंटसाठी चार वेळा लिहिलं होतं. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास असं चालत असल्यानं आमच्यातल्या एकानं नियमच करून टाकला: शेवटी नऊ आला की पुढच्या दशकाला 'एकोण' लावायचं. एकोणनव्वदपर्यंत सगळं सुरळीत. मग एका कृषी केंद्रात ९९ रुपयांचं बिल फाटलं आणि त्यावर छापून आलं 'एकोणशंभर रुपये फक्त'. दुकानदार पोट धरून हसला. आम्ही तिथे 'नव्याण्णव' करून दिलं आणि बाकीच्या तीन ठिकाणी करायचं विसरलो. पुढच्या हंगामात तोच फोन दुसऱ्या तालुक्यातून आला. आता शंभर शब्दांचा तक्ता असलेली एकच लायब्ररी आहे, सगळे प्रोजेक्ट तीच वापरतात आणि चूक निघाली की एकाच जागी दुरुस्त होते. ती उघडी असल्यामुळे आम्ही कधी न भेटलेल्या माणसांनीही तिच्यातल्या दोन चुका काढून दिल्या.

मोठी उदाहरणंही अशीच आहेत. जँगो हे वेब फ्रेमवर्क अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स गावच्या एका वर्तमानपत्राच्या कामातून निघालं आणि २००५ मध्ये खुलं झालं. रुबी ऑन रेल्स २००४ मध्ये बेसकॅम्प नावाच्या प्रॉडक्टमधून उपसून काढलेलं आहे. रोजच्या कामात तेच तेच लिहून कंटाळलेल्या माणसांनीच दोन्ही केली.

३. क्लायंटनं पैसे दिले म्हणजे कोड त्याचाच झाला ना?

बहुतेकांना असंच वाटतं, पण कायदा वेगळं सांगतो. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ यात संगणक प्रोग्रॅम 'साहित्यकृती'त मोडतो. कलम १७ नुसार कृतीचा पहिला मालक तिचा लेखक. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून लिहिलं, तर मालक म्हणजे नोकरी देणारा. तुम्ही क्लायंटचे नोकर नसता, ठेका घेऊन काम करता, म्हणून वेगळं काही लिहून दिलेलं नसेल तर कॉपीराइट तुमच्याकडे राहतो. पैसे घेऊन काढलेला फोटो किंवा पोर्ट्रेट यांना मात्र उलटा नियम आहे, तिथे पैसे देणारा मालक ठरतो. लोकांच्या डोक्यात तो फोटोवाला नियम बसलेला असतो.

क्लायंटला सॉफ्टवेअर वापरायचा हक्क अर्थातच आहे, त्यासाठीच त्यानं पैसे मोजले. सरकारी कामाची गोष्ट वेगळी, ती ११ मध्ये.

४. करारात 'सर्व हक्क ग्राहकाचे' असं आधीच सही करून दिलं आहे. आता?

मग हक्क गेले, आणि विचारल्याशिवाय एक ओळही बाहेर काढायची नाही. तरी करार नीट वाचा. कलम १९ नुसार हक्क देण्याचा कागद लेखी आणि सही केलेला लागतो, आणि कोणती कृती, कोणते हक्क हे त्यात नमूद असावं लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षांची धरतात. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. बऱ्याच ठिकाणी इंटरनेटवरून उतरवलेला परदेशी नमुना वापरलेला असतो, त्यात 'कायमस्वरूपी, जगभर' असं स्पष्ट असतं.

मग उरतं परवानगीचं पत्र. आमचा अनुभव असा की 'ओपन सोर्स' हा शब्द उच्चारला की समोरचा बिचकतो. लॅपटॉप उघडून तेवढीच फाइल दाखवली आणि "काकाजी, यात तुमचा भाव नाही, तुमचं नाव नाही, हे फक्त काट्याचा आकडा वाचते," असं सांगितलं की सही मिळते. एकदा मिळाली नाही. तेव्हा तो भाग जुना कोड न उघडता, पाटी कोरी ठेवून पहिल्यापासून लिहिला. जुन्या फाइलवर नजर ठेवून नावं बदलत जाणं म्हणजे नव्यानं लिहिणं नव्हे.

५. आमचा करारच नाही. सगळं तोंडी झालं.

तालुक्याच्या गावी असंच असतं. चहाच्या टपरीवर आकडा ठरतो आणि ॲडव्हान्स पाकिटात येतो. लेखी सहीशिवाय कॉपीराइट दुसऱ्याकडे जात नाही, त्यामुळे कायद्यानं तुमची बाजू भक्कम आहे. तरीही सांगून करा. त्याच बाजारात पुढच्या हंगामातही तोंड दाखवायचं आहे. व्हॉट्सॲपवर काय उघडणार ते दोन ओळींत लिहा आणि त्याचा 'चालते' जपून ठेवा. तो पुरावा म्हणून बरा. समोरची संस्था मोठी असेल तर लेटरहेडवरच घ्या.

६. नव्या कामाच्या कोटेशनमध्ये काय लिहायचं?

आम्ही हे लिहितो, हवं तर उचला:

"या कामात वापरलेल्या किंवा तयार झालेल्या सर्वसाधारण उपयोगाच्या भागांचा कॉपीराइट आमच्याकडे राहील व ते भाग ओपन सोर्स लायसन्सखाली प्रसिद्ध करण्याची आम्हाला मुभा राहील. ग्राहकाचा डेटा, दर, सूत्रे, नाव व बोधचिन्ह त्यात नसेल. ग्राहकाला हे भाग आपल्या व्यवसायात कायम वापरता येतील."

हे ॲडव्हान्स घेण्याआधी मोठ्यानं वाचून दाखवा. शेवटच्या हप्त्याच्या वेळी काढलं तर पैसे अडकवायला समोरच्याला आयतं कारण मिळतं. सर्वसाधारण भाग कोणते, याची यादी शेवटी जोडली तर भांडण आणखी कमी होतं.

७. कोणता भाग उघडायचा आणि कोणता नाही, हे कसं ठरवायचं?

आम्ही दोन प्रश्न विचारतो. शेजारच्या तालुक्यातल्या जिनिंगला हा कोड जसाच्या तसा बसेल का? आणि तो वाचून आपल्या क्लायंटच्या धंद्याबद्दल कोणाला काही कळेल का? पहिल्याचं उत्तर हो आणि दुसऱ्याचं नाही, असं आलं तरच तो भाग बाहेर जातो.

काट्याचंच घ्या. वे ब्रिजच्या (गाडी तोलायच्या मोठ्या काट्याच्या) इंडिकेटरमधून, म्हणजे आकडा दाखवणाऱ्या डबीतून, आरएस-२३२ केबलवर वजन येतं. काही इंडिकेटर एकच ओळ सेकंदाला कित्येकदा फेकत राहतात, काही मागितल्याशिवाय देत नाहीत. बॉड रेट, म्हणजे आकडे पाठवायचा वेग, कुठे २४००, कुठे ९६००. ट्रॅक्टर काट्यावर चढत असताना आकडा नाचतो, तो स्थिर होईपर्यंत धरायचा नाही. केबल सैल असली तर ओळ अर्धीच पोचते आणि १२४५० च्या जागी २४५० दिसतं. कापसाची ट्रॉली दहा टनांनी हलकी झाली की शेतकरी आणि मुनीम दोघंही आपल्या अंगावर येतात. हे दुखणं झाडून सगळ्या जिनिंगचं आहे, त्यात कोणाचं गुपित नाही. म्हणून ते उघडलं.

भरलेल्या गाडीतून रिकामी गाडी वजा झाल्यावर पुढे जे होतं, ते शेटजींचं. कडता (वजनातली कपात) किती धरायचा, कोणत्या गावच्या मालाला भाव किती पाडायचा, कोणाला किती दिवसांची उधारी, हे सगळं आत राहिलं. यात एक बारकावा आहे. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीचे ८ ते १२ टक्के ओलाव्याचे निकष जाहीर आहेत, त्यामुळे त्यावरून हिशेब करणारं फंक्शन उघडायला हरकत नाही. त्याच हिशेबात खाजगी व्यापाऱ्यानं स्वतःच्या अनुभवातून घातलेला फरक मात्र उघडायचा नाही. दोन्ही गोष्टी आमच्या एकाच फंक्शनमध्ये गुंतल्या होत्या. त्या सोडवायला दोन दिवस गेले.

क्षेत्राच्या मापांचं सोपं. ४० गुंठ्यांचा एकर, १०० आरचं हेक्टर, एका एकराचे ४०.४७ आर, यावर कोणाची मालकी नाही. सातबारावरचं ०.८१ म्हणजे दोन एकर होतात. नवी पोरं ते पाऊण एकर समजून खताचं प्रमाण काढतात, म्हणून तोही तुकडा बाहेर ठेवला.

८. प्रोजेक्टचं फोल्डर कॉपी करून गिटहबवर चढवलं तर चालेल?

नाही. सगळ्यात जास्त अपघात इथेच होतात.

गिट कोडचे जुने बदल जपून ठेवतं, म्हणून आज पुसलेली फाइल जुन्या कमिटमध्ये (नोंदवून ठेवलेल्या बदलात) तशीच राहते. डेटाबेसचा पासवर्ड, एसएमएस गेटवेची की, क्लायंटच्या सर्व्हरचा पत्ता असं काही एकदा जरी कमिट झालं असेल, तर रिपॉझिटरी (इतिहासासकट कोडचं फोल्डर) सार्वजनिक होताच कोणीही ते उपसून काढेल. इतिहास धुऊन काढणारी साधनं आहेत, पण सोपा मार्ग नवी, कोरी रिपॉझिटरी काढून मोजक्याच फाइली हातानं नेण्याचा. पासवर्ड किंवा की एकदा बाहेर गेलीच असेल तर पुसण्याआधी ती बदला.

दुसरी जागा टेस्ट डेटाची. आपण आळसानं क्लायंटचीच यादी टेस्टला वापरतो. आमच्या एका फाइलमध्ये साठेक शेतकऱ्यांची नावं, मोबाइल आणि बँक खाती निघाली. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला आहे. तो नसता तरी गावातल्या माणसांचे खाते क्रमांक जगासमोर टांगणं बरं नव्हे. खोटा डेटा तयार करायला तासभर लागतो.

तिसरी जागा कोणी तपासत नाही, ती कोडमधल्या टिप्पण्यांची. आमच्याच हातची एक सापडली: 'शेटजींनी फोनवर सांगितलं, या गावच्या गाडीला कडता दीड किलो धरा.' खाली गावाचं नाव. ही ओळ बाहेर गेली असती तर आमचं दुकान दुसऱ्या दिवशी बंद झालं असतं.

उघडायचा भाग वेगळं पॅकेज करा आणि क्लायंटचा प्रोजेक्ट त्याला बाहेरून वापरेल असं ठेवा. पॅकेजला क्लायंटच्या कोडची गरज लागत असेल तर तो भाग अजून नीट सुटलेला नाही.

९. लायसन्स कोणतं लावायचं?

छोट्या तुकड्यांना आम्ही एमआयटी लावतो. ते पानभराचंही नाही, आणि कॉपीराइटची सूचना व परवानगीचा मजकूर सोबत ठेवा, एवढीच त्याची मुख्य अट. अपाची २.० मध्ये पेटंटबद्दल स्पष्ट परवानगी आहे, मोठ्या कंपन्यांना ते आवडतं. दुसऱ्यानं सुधारून पुढे दिलं तर त्यानंही सोर्स द्यावा असं वाटत असेल तर जीपीएल. सर्व्हरवर चालवून वेबवरून सेवा देणाऱ्यालाही ती अट लागावी असं वाटत असेल तर एजीपीएल. मधला रस्ता एमपीएल २.०, त्यात अट फाइलपुरती राहते. स्वतःचं लायसन्स रचायच्या फंदात पडू नका. मराठीत समजावून सांगा, मूळ मजकूर मात्र आहे तसाच ठेवा.

१०. आमच्या कोडमध्ये दुसऱ्याचा कोड मिसळलेला आहे. मग?

आधी तो कोणाचा ते शोधा. एमआयटी किंवा तशाच सैल अटींच्या बीएसडीचा असेल तर मूळ सूचना ठेवून पुढे चला. जीपीएलची लायब्ररी आत गुंफलेली असेल तर तुमचा एकत्रित कोडही जीपीएलच्याच अटींवर द्यावा लागतो. मुंबईच्या लोकांनी केलेल्या ईआरपीनेक्स्ट या धंद्याचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर बरेच जण काम करतात. ते जीपीएल ३ आहे, त्याखालचं फ्रॅपे फ्रेमवर्क मात्र एमआयटी. तुमचा तुकडा यातल्या कशावर उभा आहे ते पाहा.

एक गैरसमज इथेच काढतो. जीपीएल वापरलं म्हणजे सगळं जगाला दाखवावंच लागतं असं नाही. ज्याला प्रोग्रॅम दिला त्याला सोर्स मिळायला हवा. क्लायंटच्या संगणकावर बसवून दिलं म्हणजे त्याला दिलं, आणि पुढे कोणाला द्यायचं हा त्याचा हक्क.

स्टॅक ओव्हरफ्लोवरून उचललेला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश-समवितरण अटींवर असतो. दोन ओळींसाठी कोणी मागे लागत नाही, पण आख्खं फंक्शन उचललेलं असेल तर ते स्वतः लिहून काढा. फॉन्ट बदलणाऱ्या आमच्या तुकड्यात अक्षरांचा तक्ता आहे, जुना फॉन्ट नाही. फॉन्टची फाइल तो बनवणाऱ्या कंपनीची मालमत्ता आहे, ती सोबत द्यायची नसते.

११. काम ग्रामपंचायतीचं, बाजार समितीचं किंवा सरकारी खात्याचं असेल तर?

३ मधलं उत्तर इथे उलटं होतं. सरकारच्या निर्देशानं झालेल्या कृतीचा पहिला मालक सरकार, असं कलम १७ सांगतं, आणि कायद्यानं स्थापन झालेल्या संस्थांनाही तसाच नियम आहे. करारात वेगळं लिहिलं असेल तरच वेगळं. ग्रामपंचायत आणि बाजार समिती दोन्ही त्यात येतात असं धरून चाला. निविदेच्या अटी वाचा आणि शंका प्री-बिड बैठकीतच लेखी विचारा. नंतर साहेब बदलतात आणि नवे साहेब सही करत नाहीत.

केंद्र सरकारचं धोरण ओपन सोर्सच्या बाजूचं आहे. २०१५ मध्ये सरकारी ॲप्लिकेशनचा सोर्स कोड खुला करण्याचं धोरण आलं, त्यासाठी ओपनफोर्ज नावाचा मंचही आहे. पत्रात या धोरणाचा उल्लेख केला की फाइल थोडी हलते. काम मोठ्या ठेकेदाराच्या हाताखाली घेतलं असेल तर त्याच्या आणि खात्याच्या करारात काय आहे, ते त्याच्याकडून लिहून घ्या.

१२. इंटर्नशिपच्या पोरांनी काही भाग लिहिला होता. त्यांना विचारावं लागेल का?

हो. पगारी नोकरानं कामाचा भाग म्हणून लिहिलेलं तुमचं. पण शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून दोन महिने येऊन गेलेला मुलगा तुमचा नोकर नसतो. त्याचा भाग त्याचा. पोरगं पुण्याला निघून जाण्याआधी सहीचा कागद घ्या, नंतर नंबर बदलतो. भागीदारीत लिहिलेल्या कोडलाही तेच, भागीदारी मोडण्याआधी कोणाचं काय ते ठरवा. रीडमीत (कोडसोबतच्या माहितीच्या फाइलीत) नाव द्यायला विसरू नका, त्यासाठी पैसे लागत नाहीत.

१३. मी कंपनीत नोकरी करतो आणि रात्री घरून गावचं काम करतो. तो कोड माझा का?

नियुक्तीपत्र काढून बघा. कंपनीचा लॅपटॉप वापरला असेल किंवा काम कंपनीच्या धंद्याशी मिळतंजुळतं असेल, तर लेखी परवानगीशिवाय हात लावू नका.

१४. एआयकडून लिहून घेतलेला कोड उघडता येतो का?

संगणकानं तयार केलेल्या कृतीचा लेखक म्हणजे ती तयार व्हायला कारणीभूत झालेली व्यक्ती, असं आपला कॉपीराइट कायदा म्हणतो. ती तरतूद आजच्या एआयच्या खूप आधीची आहे. आम्ही असा कोड ओळ न् ओळ वाचून, समजून, टेस्ट लिहूनच घेतो, आणि रीडमीत तसं नमूद करतो. क्लायंटचा कोड एआयच्या चौकटीत चिकटवला असेल तर तो आपण आधीच बाहेर दिला, हे लक्षात असू द्या.

१५. दुसऱ्यानं आमचाच कोड घेऊन आमच्याच गिऱ्हाइकाला स्वस्तात विकला तर?

एमआयटी लावलं असेल तर त्याला तो हक्क आहे. आमच्या बाबतीत एकदा झालं. त्यानं काट्याचा भाग घेतला, पण हंगामात केबल उंदरानं कुरतडली तेव्हा त्याचा फोन लागेना. हे सहन होणार नसेल तर ९ मधलं जीपीएल बघा. विकणं त्यातही थांबत नाही, पण सुधारलेला सोर्स त्याला द्यावा लागतो.

१६. बग निघून कोणाचं नुकसान झालं तर अंगावर येईल का?

जवळपास सगळ्या ओपन सोर्स लायसन्समध्ये 'आहे तसं, हमीशिवाय' असं कलम असतं. फुकट उतरवून घेणाऱ्यासाठी ते आहे. ज्या क्लायंटशी एएमसी केली, त्याच्याशी केलेला करार वेगळा राहतो, तिथे हे कलम दाखवून सुटका नाही.

१७. सांभाळायला वेळ नसेल तर?

रीडमीत तसं स्पष्ट लिहा आणि रिपॉझिटरी आर्काइव्ह करा. पुसू मात्र नका. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचा अकरा ओळींचा तुकडा त्याच्या लेखकानं रागानं काढून टाकला आणि त्यावर उभ्या असलेल्या जगभरातल्या प्रोजेक्टची बांधणी अडली.

१८. परवानगी देऊन वर्षानं क्लायंट म्हणाला, काढून टाका. काय करायचं?

ज्यांनी तोवर घेतला त्यांचा हक्क जात नाही, हे क्लायंटला शांतपणे सांगा. पुढची आवृत्ती तुम्ही बंद ठेवू शकता, इतरांनी हातभार लावला असेल तर त्यांना विचारून. बहुतेक वेळा खरी तक्रार दुसरीच असते. कोणीतरी कानात सांगितलेलं असतं की तुमचा हिशेब नेटवर आहे. फाइल परत उघडून दाखवा, ४ मध्ये दाखवली होती तशीच. हिशेब खरंच गेलेला निघाला तर ८ चं उत्तर आधी वाचायला हवं होतं.

१९. रीडमी मराठीत लिहायचं की इंग्रजीत?

दोन्हीत. कडता, हमाली, तोलाई, अडत यांचं इंग्रजी करत बसू नका. आम्ही एकदा कडत्याचं 'डिडक्शन' केलं, तर अकोटच्या पोरानं त्यात टीडीएस कापला.